मोरीच्या पाण्यावरचा साहेबी पुदिना

आमच्या घरामागे मोरीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे आधी अळू, मग केळीचं बेट आणि केळीच्या सावलीला पुदिना अशी रांग होती. अळू कुणीही काढून न्यावं, पूजेसाठी केळीचं पान कुणीही मागावं, आत्याबाई हो म्हणायच्या. पुदिन्याला मात्र हात लावायचा नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. मी लग्न होऊन कुरुळीहून पिंपरीत आले तेव्हा घरात त्या, माझे मालक आणि हा पुदिना एवढीच माणसं होती. पुदिन्याला मी माणसांत धरते, कारण त्याचा मान माझ्यापेक्षा जास्त होता.

बाजारात जुडी मिळते तो पुदिना हा नव्हे. त्याची कांडी हिरवी आणि वास मऊ. आमच्या पुदिन्याची कांडी जांभळट काळी, पान लांबट, आणि चुरगळून नाकाशी धरलं की डोळ्यांत पाणी. पेपरमिंटच्या गोळीला येतो तोच वास, पण गोडवा काढून घेतलेला. चटणीत घातला तर मिरची, लसूण, कोथिंबीर, कशाचीच चव उरायची नाही. मी नवी असताना हौसेनं एकदा त्याची चटणी वाटली. मालकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "भाकरीबरोबर औषध कशाला वाढलंस?" मला राग आला, पण त्यांचं काही खोटं नव्हतं. माझीही जीभ गार पडली होती.

या पुदिन्याला गावात साहेबी पुदिना म्हणायचे. माझे सासरे खडकीला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. मडमेला जेवण झालं की गरम पाण्यात ही पानं घालून प्यायची सवय होती, आणि रोप तिनं म्हणे बोटीतून आणलं होतं. साहेब विलायतेला परत निघाले तेव्हा बंगल्यातल्या खुर्च्या-टेबलं ज्याची त्यानं उचलली. सासऱ्यांनी पुदिन्याचं एक मूळ ओल्या फडक्यात गुंडाळलं, डोक्यावरच्या पटक्याच्या घडीत खोचलं आणि चालत पिंपरीला आले. पुढे थोड्याच काळात ते गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांचा पटका आत्याबाईंच्या पेटीत घडी घालून ठेवलेला होता तो पाहिला, आणि मागच्या दारचा पुदिना पाहिला.

लावणी-खुरपणी आत्याबाईंनी मला शिकवली, पण कौतुकानं नव्हे, धाकानं. हे रोप बियांवर येत नाही. त्याची मुळं जमिनीच्या वरच्या थरातून पळत सुटतात आणि जिथे ओल मिळेल तिथे डोकं वर काढतात. म्हणून कडेनं फरशीचे तुकडे उभे पुरायचे, नाहीतर अळवात शिरतो. थेट ऊन नको, पण नुसती सावलीही नको. केळीच्या पानांतून गाळून आलेलं ऊन त्याला मानवतं. मोरीच्या पाण्यात राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी चालतं, सोड्याचं पाणी नाही. धुणं सोड्यात भिजवलं असेल त्या दिवशी पाट मातीनं बंद करायचा. मी ते एकदोनदा विसरले तेव्हा आत्याबाई मला काही बोलल्या नाहीत. त्या पुदिन्याशी बोलल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. फूल धरायच्या आत सगळा खुडायचा, माजघरात सावलीत पसरून वाळवायचा आणि तोंडाला फडकं बांधून मडक्यात भरायचा. उन्हात वाळवला तर रंग राहतो आणि जीव जातो, असं त्या म्हणायच्या.

उपयोग काय करायचा तेही ठरलेलं होतं. पोट दुखलं, फुगलं, मळमळलं तर मूठभर पानं उकळत्या पाण्यात टाकून झाकण घालायचं आणि कोमट झालं की गाळून गुळाचा खडा टाकून द्यायचं. सर्दीला त्याचीच वाफ. डोकं ठणकत असेल तर पानं वाटून कपाळावर लेप. उन्हाळ्यात मालक शिफ्टवरून आले की ताकात दोन पानं चुरडून. दोनच. तिसरं टाकलं की ताक बिघडतं.

तेव्हा पिंपरीत नुकतं कारखान्यांचं सुरू झालं होतं. मालकांना नव्या कारखान्यात काम लागलं होतं आणि त्यांच्याबरोबर सातारा, नगर, मराठवाड्याकडून आलेली पोरं होती. खानावळीतलं तेल-तिखट खाऊन त्यांची पोटं कायमची बिघडलेली. ती पोटावर हात ठेवून आमच्या मागच्या दारी यायची. आत्याबाई कधी कुणाला परत पाठवायच्या नाहीत. पण देताना कांडीवरची पानं ओरबाडून तेवढीच ओंजळीत घालायच्या आणि कांडी स्वतःकडे ठेवायच्या. कारण कांडी पाण्यात ठेवली तरी तिला मुळं फुटतात, हे त्यांना ठाऊक होतं. पानं कितीही घ्या, मूळ द्यायचं नाही. मूळ दिलं की देणाऱ्या हाताचा गुण मुळाबरोबर जातो, मग घरचा पुदिना नुसता पाला होतो, असा त्यांचा पक्का समज. त्यांच्या हाताला गुण आहे हे अख्खा गाव मानायचा. शेजारणी मागून चेष्टा करायच्या, "म्हातारी कांडीची राखण करती, जशी सोन्याचीच." पण पोट दुखलं की त्याच पहिल्या दारात उभ्या.

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सिंधमधून आलेल्या लोकांचा कँप होता, लांबलचक बराकी. त्यातली एक बाई पवनेवर धुणं घेऊन जायची ती आमच्या मागच्या वाटेनं. उंच, गोरी, नाकात मोठी चमकी, कमरेवर कायम एक पोरगी. पोरगी चांगली चालती-बोलती होती, पण आईच्या अंगावरून खाली उतरायची नाही आणि अंगावरचं पिणंही सोडायची नाही. बाई कुंपणापाशी थांबायची. निम्मं हिंदी, निम्मं नव्यानं शिकलेलं मराठी. "अम्मा, थोडा पुदिना दे ना. बराकीत माती नाही, नुसता फरशी." ती आत्याबाईंना अम्मा म्हणायची आणि मला अदी. अदी म्हणजे बहीण, हे तिनंच सांगितलं. आत्याबाई कुंपणावरून पानं द्यायच्या. कुंपणाच्या आत मात्र तिला कधी घेतलं नाही. "कोण, कुठली, काय खात्यात, आपल्याला काय ठावं," एवढंच म्हणायच्या. ती बाई वाईट वाटून घेत नव्हती. निदान तसं दाखवत नव्हती.

आता मूळ गोष्ट सांगते.

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, कुरुळीला झालं. मुलगा झाला आणि महिन्याच्या आत गेला. त्याचं पोट फुगायचं, तो कळवळून रडायचा, आणि एका सकाळी रडला नाही. आत्याबाईंनी माझ्या आईला उघड दोष दिला नाही. पण मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि वडील न्यायला आले, तेव्हा त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "ह्या बारीला पोरीला नेऊ नका. माज्या डोळ्यापुढं होऊं द्या. पोटाचं दुखणं माज्या हातचं हाय." वडील परत गेले. आईला ते लागलं, पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी तुटक बोलायची. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. कुरुळीच्या त्या खोलीत परत जायची माझी छाती नव्हती.

मुलगी झाली. आत्याबाईंनी पेढे नाहीत पण गूळ वाटला, आणि तोही हात आखडता न घेता. माझी सगळी उस्तवार त्यांनी केली. बाजेखाली शेगडी, धुरीला ओवा आणि शेपा, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, सगळं वेळच्या वेळी. आणि पहिल्या दिवसापासून पुदिन्याचं पाणी. मुलीचं पोट फुगू द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. पण तान्ह्या बाळाला कुणी असलं औषध देत नाही. आमच्याकडची रीत अशी की बाळाचं औषध आईनं घ्यायचं, बाळाचं पथ्य आईनं पाळायचं. "तू पी. दुधातनं तिला उतरतं," असं म्हणून त्या पितळी पेला माझ्या हातात द्यायच्या आणि रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. दूध इतकं यायचं की चोळी भिजायची. बारसं झालं, नाव ठेवलं. मग मुलगी रडायला लागली. पाजलं की थोडा वेळ गप्प, पुन्हा सुरू. पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची. आत्याबाईंनी पोटावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "कळ येतीया." पेला सकाळ-संध्याकाळचा होता, तो दुपारीही येऊ लागला. पानं मूठभर होती ती दोन मुठी झाली. मुलगी आणखी रडू लागली. पाणी आणखी कडक झालं. मीही आनंदानं प्यायचे. पहिल्या मुलाला हे मिळालं नव्हतं म्हणून तो गेला, असंच मला वाटत होतं. घोट घशाखाली गार उतरला की वाटायचं, आता हिला उतरेल.

माझी छाती हलकी पडली होती. दूध भरून आल्याची ओढ लागायची बंद झाली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं माझ्यातच काही खोट आहे. माहेरी पहिला गेला तेव्हाही एका चुलतीनं तसं सुचवलं होतं. आत्याबाईंच्या डोक्यात दृष्टीचं आलं. मध्ये एकदा कँपातली बाई मागच्या दाराशी आली होती, पाळण्याकडे बघून "कितनी प्यारी" म्हणाली होती. तेवढं पुरलं. मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मुलीच्या गालावरची तीट मोठी झाली, मागचं दार बंद झालं. बाई पुन्हा कुंपणाशी आली तेव्हा आत्याबाई तिला म्हणाल्या, "पुदिना सपला." समोर गुडघाभर पुदिना वाऱ्यानं हलत होता. बाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आत्याबाईंकडे, आणि धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघून गेली. एरवी मला हसू आलं असतं.

मुलगी वाळत चालली. मांड्यांना सुरकुत्या पडल्या, टाळू खोल दिसू लागली. गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्यानं पाजून पाहिलं, ते तिनं ओकून टाकलं. मग रडणं कमी झालं. आत्याबाई म्हणाल्या, "गुण आला." मला माहीत होतं गुण आलेला नाही. रडणं असं कमी होत जातं ते मी कुरुळीला पाहिलं होतं. मालक शिफ्टला निघाले तेव्हा दारात थांबून म्हणाले, "उद्या सुट्टी काढतो. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ." मी मान हलवली. उद्यापर्यंत ती राहील की नाही, हा विचार माझ्या मनात आला.

त्याच दुपारी मागचं दार वाजलं. आत्याबाई नुकत्याच पेला माझ्या हातात देऊन गेल्या होत्या. खोलीचं दार मागच्या दाराच्या सरळ रेषेत, त्यामुळे मला बाजेवरून सगळं दिसत होतं. कँपातली बाई उभी होती, कमरेवर पोरगी, हातात रिकामी टोपली. या खेपेला ती मागत नव्हती, भांडायच्या तयारीनं आली होती.

"अम्मा, पुदिना आहे. मी रोज बघते. आज मला पुष्कळ पाहिजे, टोपली भरून."

"येवढा कशापायी? दुकान काढतीस का काय?"

"दूध बंद करायचं आहे." तिनं कमरेवरच्या पोरीकडे मान वळवली. "ही सोडत नाही. पुदिन्याचं पाणी पिणार, सुबह, दुपार, शाम. छाती सुकून जाते. आमच्या सिंधमध्ये सगळ्या बाया असंच करतात. माझ्या माँनं केलं, माझ्या बहिणीनं केलं."

आमच्याकडे अंगावरचं तोडायचं म्हणजे कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, पोर तोंड वाकडं करतं आणि चार दिवसांत सोडतं. दूध आईचं आईकडेच आटतं, पुदिन्यानं आटवायचं असतं हे आमच्या सात गावांत कुणाला माहीत नव्हतं. पोटदुखीला एखादा पेला प्यालेल्या लेकुरवाळ्या बायका होत्या, त्यांना काही झालं नव्हतं. पण तो एखादा पेला. माझ्यासारखं दिवसातून तीनदा, दोन-दोन मुठींचं, आत्याबाईंच्या हातून कुणी प्यालं नव्हतं.

आत्याबाई तिला म्हणाल्या, "काय म्हणालीस? फिरून सांग."

तिनं पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं, म्हातारीला ऐकू कमी येतं असं समजून.

आत्याबाई वळल्या. माझ्याकडे बघितलं. मी पेला तोंडाशी धरला होता. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. एवढं सांगते की त्या क्षणी मला स्वतःपेक्षा त्यांच्यासाठी भीती वाटली. त्या खोलीत आल्या, पेला माझ्या हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतला. पाणी पाटानं वाहत गेलं आणि त्याच पुदिन्यात जिरलं. मग त्या मागच्या दाराशी गेल्या.

"तुला दूध हाय अजून?"

"आहे ना, अम्मा. म्हणून तर..."

"आत ये."

बाईला कळेना. आत्याबाईंनी तांब्या उचलला, उंबऱ्यातच तिच्या पायांवर पाणी घातलं आणि तिच्या दंडाला धरून तिला खोलीत आणलं. बाळंतिणीच्या खोलीत त्या शेजारणीलासुद्धा येऊ देत नसत. पाळण्यातून मुलीला उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "हिला घे. पोटात काय न्हाई हिच्या. मीच न्हाई ऱ्हाऊं दिलं."

बाईनं मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मोरीकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं. तिनं स्वतःची पोरगी खाली ठेवली, जमिनीवरच मांडी घातली आणि माझ्या मुलीला पदराखाली घेतलं. सुरुवातीला काहीच झालं नाही. मुलीला ओढायची ताकद नव्हती. बाईनं बोटानं दाबून थेंब तिच्या ओठांवर सोडले, पुन्हा सोडले. मग घुटक्यांचा आवाज येऊ लागला. मी तो कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तिची स्वतःची पोरगी आईच्या मांडीवर दुसरं पोर बघून भोकाड पसरून रडायला लागली, तशी आत्याबाईंनी तिला उचलून कडेवर घेतलं आणि तिच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. दोघींकडे एकेक पोर, आणि मी मधे रिकाम्या हातांनी.

मला इतका आनंद झाला की रडू आवरेना. आणि रागही आला. आत्याबाईंचा नव्हे, त्या बाईचा. माझी मुलगी तिच्या अंगाला अशी चिकटली होती जशी माझी कधी नव्हतीच. ज्या बाईनं पोर वाचवलं तिचाच राग यावा हे बरोबर नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आला तो आला.

संध्याकाळी मालक आले तेव्हा मुलगी पोट भरून झोपली होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोर उपाशी होतं, दुसरं काही नाही, जे चाललंय ते चालू द्या.

बाई सकाळ-दुपार-संध्याकाळ येऊ लागली. तिच्या पोरीचं अंगावरचं तोडायचं लांबलं. तिच्या घरी त्यावरून बोलणी बसत असणार, पण ती इथे काही सांगायची नाही. प्रत्येक वेळी मुलीला आधी माझ्याकडे द्यायला लावायची. "पहिलं तू, अदी. येवो न येवो, तिनं ओढलं पाहिजे." मग उरलेलं ती पाजायची. आत्याबाई हळिवाची खीर एकाच पातेल्यात दोघींसाठी करायच्या आणि सारख्याच वाट्या भरायच्या. आधी वाटी कुणाच्या हातात द्यायच्या, तर तिच्या. हळूहळू माझी ओढ परत आली. पहिल्यांदा चोळी भिजली त्या दिवशी मी मुद्दाम बदलली नाही, तशीच घरभर वावरले.

आता कारखान्यातली पोरं पोट धरून आली की आत्याबाई त्यांना दारातूनच परत पाठवू लागल्या. "माज्या हातचं घेऊ नगासा. ओवा खावा." वाळवलेल्या पुदिन्याचं मडकं त्यांनी माळ्यावर टाकलं. केळीखालचा पुदिना फुलावर आला, जांभळे तुरे दिसायला लागले, तरी खुडला नाही. मला ते बघवेना. मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही काय जाणूनबुजून केलं का?"

त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही. "जाणून केलं असतं तर कुठंतरी थांबले असते, पोरी. मला वाटत व्हतं मी वाचवतीया."

मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर भाजी निवडायला लागले.

मुलगी बाळसं धरू लागली, माझं दूध तिला पुरू लागलं. एका दुपारी बाई तिला पाजून उठली आणि हसत म्हणाली, "आता बस, अम्मा. आता मला माझा पुदिना दे. ही माझी मोठी घोडी, लग्नापर्यंत पिणार."

आत्याबाई उठल्या. कोनाड्यातलं खुरपं घेतलं आणि केळीखाली जाऊन बसल्या. फुलावर आलेला सगळा पुदिना त्यांनी जमिनीलगत कापला आणि टोपलीत भरला, कांडीसकट. पानं ओरबाडली नाहीत. मग फरशीचा एक तुकडा उपटून बाजूला ठेवला आणि खणायला लागल्या. मुळाचा भला मोठा गड्डा मातीसकट वर काढला. घरात गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात सासऱ्यांच्या पटक्याचं फाडलेलं फडकं होतं. ते मोरीच्या पाण्यात भिजवलं आणि गड्डा त्यात बांधला.

मी घाबरून म्हणाले, "आत्याबाई, मूळ? आणि हातचा गुण?"

"जाऊं दे तिच्या हातात. तिच्या हाताला हाय त्यो."

बाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. मूळ देत नसतात, हेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं गाठोडं दोन्ही हातांनी तोलून बघितलं. "बापरे, एवढी माती कशाला, अम्मा? वजन होतं."

"असूं दे. बराकीत माती न्हाई म्हणतीस न्हवं? मातीसकट लाव. डब्यात लावलास तरी चालंल."

बाईनं ते गाठोडं पोटाशी धरलं. मग "बरं, अम्मा" एवढंच म्हणाली आणि वाटेकडे वळली.

माझ्या मांडीवर मुलगी जागी होती. त्या आवाजाकडे तिनं मान वळवली, ओठ हलवायला लागली आणि शोधू लागली. नुकतं पाजलेलं, भूक अशी नव्हतीच. आत्याबाई मातीचे हात झटकत म्हणाल्या, "वळखती बघ."

बाई थांबली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, पण पुढे आली नाही. पहिल्या दिवशी तिच्यापुढे पोर धरलं होतं ते आत्याबाईंनी. या वेळी मी उठले, तिच्या हातातलं गाठोडं घेऊन खाली ठेवलं आणि मुलगी तिच्याकडे दिली. मला राग आला नाही.